तिसरी ओळ

कंबरेने दगा दिल्यावर प्लंबरने यापुढे कुणाच्याही सिंकखाली शिरायचं नाही असा निर्णय घेतला आणि पोटापाण्यासाठी वेबसाइट काढली. तीवर नळदुरुस्तीचे धडे असत, धड्यांच्या बाजूला जाहिराती असत. लोक येत, वाचत, अधूनमधून जाहिरातींवर बोट पडे आणि घर चाले. सगळं सुरळीत होतं. पण सुखाचा जीव दुःखात घालायला मेहुणा सल्लागार झाला होता.

"भाऊजी, वाचकाला साइटपर्यंत कशाला दमवता? फीड द्या. धडा आपणहून त्याच्या फोनमध्ये जाईल."

फीड दिलं. वाचक दुपटीने वाढले आणि साइटवर चिटपाखरू फिरकेना. धडे घरपोच जात होते, जाहिराती जागच्या जागी माश्या मारत होत्या. जाहिरातदारांनी हात आखडता घेतला.

मेहुण्याने परिस्थितीचा सर्वंकष आढावा घेतला. "सगळं फुकटात हातात दिलंत तर येईल कोण? फीडमध्ये पहिल्या दोनच ओळी द्या. पुढचं हवंय त्याने साइटवर यावं."

त्यानुसार पुढचा धडा रवाना झाला: 'गळका नळ दुरुस्त करणं अगदी सोपं आहे. पान्याने फिरवून नळ सरळ काढून घ्या.'

तिसरी ओळ साइटवर होती: 'तत्पूर्वी मुख्य कॉक बंद करा.'

तिसऱ्या ओळीसाठी कोणीही आलं नाही. दुपारपर्यंत निम्म्या गावाची स्वयंपाकघरं पाण्याखाली गेली. घोटाभर पाण्यात उभं राहून वाचकांनी अभिप्राय दिले: 'लगेच फरक जाणवला.'

"प्रतिसाद उदंड आहे," मेहुणा म्हणाला. "आता एकच ओळ देऊ."

प्लंबरचा फोन मात्र थांबेना. मनाला टोचणी लागली, तसा तो पाना उचलून निघाला आणि कण्हत एका शिक्षिकेच्या सिंकखाली आडवा झाला. बाई खुर्चीवर उभ्या होत्या.

"तुमचा एकही धडा मी चुकवत नाही हं."

"मग पुढचं वाचायला साइटवर का नाही आलात?"

"तुम्ही येता की घरी. आणि एवढा वेळ कुणाला असतो हो?"

प्लंबर उत्तर द्यायला गेला. तोंडात पाणी गेलं.

रात्री त्याने ही सगळी कर्मकहाणी लिहून साइटवर टाकली. फीडमधल्या दोन ओळी वाचून शेकडो जणांनी अभिनंदन कळवलं. आपण सुज्ञ, म्हणून इथवर आलात. पण साइटवर तर आज एकही माणूस आलेला नाही. मग आपण हे वाचताय कुठे?