दोन वाजताचा फ्यूज

रेणूच्या लाँड्रीतला फ्यूज सलग तिसऱ्या दुपारी उडाला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, भूपेंद्रनं, खिशातून जाड तांब्याची तार काढली.

"हे लावून टाकतो. मंग पाहू कसा उडते तं."

"लाव," त्याचे वडील भोजराज शांतपणे म्हणाले. "फ्यूज नाई उडनार. घर जळन."

भोजराजांनी जवाहरनगरच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमनचं काम केलं होतं. निवृत्त होऊन ते अड्याळला आले, त्याच महिन्यात सुनेनं दवाखान्यातली जुनी, एका दमात वीस चादरी धुणारी मशीन विकत आणली. हीटर आणि मोटर मिळून चौदा अँपिअर, म्हणून चार चौरस मिलिमीटरची वायर आणि सोळा अँपिअरचा फ्यूज, हे सगळं भोजराजांनीच ठरवलं होतं. तरी रोज दोन वाजून गेले की फ्यूज जायचा. पवनीच्या मंगल कार्यालयाच्या साठ चादरी शनिवारी पोचल्या तर वर्षभराचं काम मिळणार होतं.

"शुक्रवारपर्यंत पाहा," भूपेंद्र म्हणाला. "नाई तं तार."

बुधवारी भोजराज मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. गोल काचेत चादरी फिरत होत्या. निळी वर यायची, फेसात बुडायची, मग गुलाबी यायची. मशीन मंद घुमत होती. बाहेर ऊन, आत ओल्या कपड्यांचा गारवा. काच हळूहळू तळ्याएवढी रुंद झाली. भोजराज डोंग्यात आडवे पडले होते आणि डोंगा कुणी न वल्हवता कमळांमधून चालला होता. मग एकाएकी सगळं थांबलं. त्यांनी डोळे उघडले. मशीन बंद होती.

"काय दिसलं, मामाजी?" रेणूनं विचारलं.

"कमळं," ते बोलून गेले.

गुरुवारी त्यांना जागं ठेवायला त्यांची बायको शकुनबाई शेजारी बसल्या. बहिणीच्या मुलीच्या लग्नात वरण कसं कमी पडलं, हे त्या नवऱ्याला सांगत होत्या. गोष्टीत वरण वाढायला येण्याआधीच त्यांची मान कलली. शेजारची चंद्रकला पडदे टाकायला आली आणि त्याच गाठोड्यावर टेकली. तार घेऊन आलेला भूपेंद्र 'दोनच मिनिटं' म्हणून खाली बसला. फ्यूज उडाला तेव्हा चौघंही एकदम जागी झाली आणि एकमेकांकडे संशयानं पाहू लागली.

शुक्रवारी भोजराजांनी मशीनकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून खुर्ची ठेवली. मागे कालच्याच तिघांचे श्वास एका लयीत लागले. भोजराजांचेही डोळे अर्धे मिटले होते. तेवढ्यात रेणूनं दारातून डोकावून पाहिलं. सगळे झोपलेत अशी खात्री करून ती पावलं न वाजवता जड इस्त्री घेऊन आली, मशीनच्याच लाइनीवरच्या, दाराशेजारच्या बोर्डात तिनं पिन खोचली आणि चादर पसरली. गुणगुणत ती इस्त्री फिरवत होती. इतका निवांत चेहरा भोजराजांनी तिच्या लग्नापासून पाहिला नव्हता. इस्त्रीचे नऊ आणि मशीनचे चौदा म्हणजे तेवीस, आणि फ्यूज सोळाचा, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पण तिला थांबवावंसं वाटेना. थोड्या वेळानं फ्यूज गेला.

"रेणू," ते हळूच म्हणाले, "इस्त्री काहून लावली या लाइनीवर?"

ती दचकली. मग म्हणाली, "हाच बोर्ड जवळ आहे, मामाजी. अन् तुमी सगळे झोपता तवाच माह्यी इस्त्री होते. जागे असले का कोनी चहा मागते, कोनी चष्मा."

भोजराजांनी त्याच दुपारी इस्त्रीसाठी वेगळी वायर ओढली आणि दहाचा वेगळा फ्यूज बसवला. शनिवारी साठही चादरी वेळेवर पवनीला पोचल्या. वर्षभराचं काम मिळालं.

सोमवारी मात्र राखणीचं कारणच उरलं नाही, आणि मशीनसमोर बसल्याशिवाय आता कुणाचा डोळा लागेना. दोन वाजता चौघंही टक्क जागी. शकुनबाईंना चहा हवा होता, भूपेंद्रचा चार्जर सापडत नव्हता आणि भोजराज चंद्रकलेला वायरची जाडी समजावत होते. चार वाजेपर्यंत रेणूच्या दोन चादरी झाल्या.

मंगळवारी ती मशीनला कान लावून उभी राहिली.

"मामाजी, आज आवाज जरासा वेगळा येऊन राहिला. बसून आयकता का?"

भोजराजांनी ऐकलं. आवाज कालचाच होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग घरातल्यांना हाक मारली.

"सगळ्यायलेच बसा लागन," ते म्हणाले. "एकट्याले नाई समजनार."