सातवा रकाना

अन्न नासले आहे की नाही हे कळायला नाक लागते आणि तसे जाहीर करायला पद लागते. ही दोन्ही एकाच माणसाकडे असावीत, असे नियमांत कुठेही म्हटलेले नाही.

नगरपालिकेच्या अन्न निरीक्षकांचे नाक चार वर्षांपूर्वी एका साध्या सर्दीत गेले. म्हणजे जागेवर होते, चष्माही नीट पेलत होते. वास तेवढा येईनासा झाला. आता तपासणी अर्जाचा सातवा रकाना नेमका 'वास' हाच. ही गोष्ट वर कळली असती, तर त्यांची रवानगी थेट तळघरातल्या जुन्या फायलींत झाली असती. तळघराची त्यांना भयंकर धास्ती होती.

म्हणून नमुने आधी घरी जात. बायको ओट्यापाशी झाकण उघडून हुंगे आणि निकाल देई. ती 'शी' म्हणाली, की निरीक्षक लिहीत, 'विघटनाची प्राथमिक लक्षणे'. 'अगं बाई गं' म्हणाली, की 'साठा तात्काळ जप्त'. काही न बोलता तिने चमचा घेतला, तर 'मानवी सेवनास योग्य'. चार वर्षांत सहाशे बारा नमुने झाले. प्रयोगशाळेशी मतभेद दोनदाच झाला आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेनेच माघार घेतली. (कार्यक्षमतेबद्दल निरीक्षकांचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. फुले प्लास्टिकची असल्याने अडचण आली नाही.)

मग खात्याने निरीक्षकांचीच घ्राणक्षमता तपासायचे ठरवले, आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. परीक्षेला बायकोला नेता येत नव्हते.

टेबलावर पाच तपकिरी बाटल्या मांडल्या होत्या. लेबलाशिवाय काहीही ठेवणे हा खात्याच्या मते गुन्हाच, त्यामुळे प्रत्येक बाटलीवर आतला वास ठळक अक्षरांत छापलेला होता. उमेदवारांनी तो वाचू नये, अशी तोंडी सूचना देण्यात आली. निरीक्षकांनी एकेक बाटली नाकाशी धरली, डोळे किलकिले केले आणि लेबल वाचले. पाचपैकी पाच गुण मिळाले.

त्यांच्या दोन सहकाऱ्यांची नाके शाबूत होती. दोघांनीही पाचही बाटल्यांपुढे 'वास येत नाही' असे लिहिले. दोघांची तळघरात बदली झाली.

यशाची आठवण म्हणून निरीक्षकांनी एक बाटली घरी आणली. बायकोने बूच काढून हुंगले, पुन्हा हुंगले.

"अहो, याला कसलाच वास नाही."

"आंबलेल्या दुधाचा आहे. वाचून बघ."

तिने वाचले. तळाशी बारीक अक्षरांत मुदतही छापली होती, तीन वर्षांपूर्वी संपलेली. भांडारात पडून पडून वास कधीच उडून गेला होता. लेबल मात्र ताजे होते.

निरीक्षकांना तळघरातले दोघे आठवले आणि मनापासून वाईट वाटले. पण खरे सांगायचे, तर आपल्याला पाच गुण कसे मिळाले हेही सांगावे लागणार होते.

"उद्या साहेबांना सांगून टाका," बायको म्हणाली.

"बघू," ते म्हणाले.

"मग यापुढे लेबलालाच विचारत जा," असे म्हणून तिने बूच लावले.

तेव्हापासून सातवा रकाना लेबल वाचून भरला जातो. काम तिप्पट वेगाने होते. गावातून एकही तक्रार आलेली नाही. तक्रार करायची, तर आधी कुणीतरी हुंगायला हवे. (आज सकाळी दुधाच्या पिशवीवरची तारीख तेवढी पाहून तुम्ही दूध तापवायला ठेवलेत. निरीक्षकांची सगळी भिस्त तुमच्यावरच आहे.)