भावकी, सासुरवाडी आणि इंग्रजीची परीक्षा

मंगळवार पेठेतल्या विश्वजितला कागलच्या कारखान्यात मशीनवरून बढती घेऊन सुपरवायझर व्हायचं होतं, आणि आडवी आली होती इंग्रजीची परीक्षा. संगणकावर वाक्यं ऐकायची, प्रत्येक वाक्य बरोबर की चूक ते सांगायचं आणि शेवटी प्रत्येकातला अखेरचा शब्द क्रमानं म्हणून दाखवायचा. सरावाला बसला, की बरोबर-चूक ठरवताना शब्द पळायचे आणि शब्द धरून ठेवले की वाक्य निसटायचं. बिचारा रडकुंडीला आला.

शेवटी बायकोनं, पूर्णिमानं, तोडगा काढला. "माझ्या माहेरच्या पंगतीत मानाच्या पाटावर कोण, त्याच्या शेजारी कोण, हे कधी चुकलाय व्हय तुमी?"

चुकायची सोयच नव्हती. एकदा गडहिंग्लजच्या थोरल्या मामांचा पाट खाली सरकला, तर ते न जेवता एसटीत जाऊन बसले होते. तेव्हापासून जावयाला तो क्रम झोपेतही पाठ होता. मग ठरलं, पहिला शब्द सासऱ्यांच्या पाटावर, दुसरा मामांच्या आणि पुढं तसंच.

परीक्षेत एक शब्द जागचा हलला नाही, तरी विश्वजित नापास झाला. कारखान्याच्या साहेबांनी बोलावून दाखवलं, त्यानं एकाही वाक्याला चूक म्हटलं नव्हतं.

"सासुरवाडीची माणसं हाईत, साहेब," विश्वजित कळवळून म्हणाला. "मामांच्या वाक्याला चूक म्हणून मी राहू कुठं?"

साहेबही कुणाचे तरी जावईच. त्यांनी पुन्हा बसू दिलं. या खेपेला विश्वजितनं शहाणपणा करून पंगतीत भावकी बसवली. बांधावरून ज्यांच्याशी आजोबांपासून वाकडं, त्यांना चूक म्हणायला जड कसलं? शब्द पुन्हा सगळे आले. फक्त आता त्यानं एकाही वाक्याला बरोबर म्हटलं नव्हतं.

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि शेवटची संधी दिली. विश्वजित घरी येऊन डोकं धरून बसला. ज्याला बरोबरही म्हणता येईल आणि चूकही, असं माणूस आणायचं कुठून?

पूर्णिमानं चहाचा कप पुढं ठेवला. "त्यात काय एवढं? सगळ्या पाटांवर मलाच बसवा की. माझं चुकलं तर चुकलं म्हणायचं बिनधास्त. मी काय राग धरतीय व्हय?"

विश्वजितनं तिच्याकडं पाहिलं. मग कप उचलून एक घोट घेतला.

"चहा झकास झालाय," तो म्हणाला, "आणि मशीनवर बी बरं चाललंय की माझं."