गुलाबरावांचा कडक दगड

आमचे गुलाबराव लग्नाला गेले तरी त्यांच्या खिशात हातोडी असायची. माझ्या मेहुण्याचं लग्न तिगावला होतं. सगळे पंगतीला बसले आणि हे मंडपामागे वाकून नवरीच्या घराचं जोतं ठोकत होते. मुलीच्या बापानं घाबरून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. दगड पक्का आहे. पोरगी चांगल्या घरची दिसते."

सौंसरजवळच्या मँगनीजच्या उघड्या खाणीत ते मुकादम होते, मी ऑफिसात कारकून. ऐंशी सालानंतरची गोष्ट. नवा भाग खणायच्या आधी तिथला दगड कशानं निघेल हे ठरवावं लागे. सब्बल, म्हणजे पहार, पुरेल, बुलडोझरच्या मागचा लोखंडी दात लावायचा, की सरळ सुरुंग? इंजिनिअर साहेब नमुने काढत, तक्ते भरत. गुलाबराव दोनदा ठोकत, कान लावत, भेगांवरून बोट फिरवत आणि सांगत, "कच्चा", "मधला" नाहीतर "कडक". तीन दिवसांनी साहेबांचा तक्ता तेच म्हणे. पुढे पुढे साहेबांनी तक्ता भरणंच सोडलं.

माणसंही ते याच मापानं मोजत. नवा बाबू आला की दोन मिनिटं बोलून म्हणत, "मधला आहे. दात लावा, निघते." माझ्या सासूबाईंना मात्र लांबूनच पाहून म्हणाले, "सुरुंग." हे मी घरी सांगितलं नाही.

एकदा वस्तीला लागून असलेला उतार खणायचा होता. गुलाबरावांनी ठोकलं. दगड असा खणखणला की मलासुद्धा कळलं. पण ते म्हणाले, "मधला आहे. सुरुंगाचं काम नाही."

बुलडोझर तीन दिवस नुसता गुरगुरत राहिला. त्याचे दोन दात तुटले. साहेब चारचौघांत म्हणाले, "गुलाबराव, तुमचे कान गेले आता." गुलाबराव खाली मान घालून उभे होते.

मला राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या मागोमाग वस्तीत गेलो. उताराखालच्या पहिल्याच घरात झिबल नावाचा म्हातारा खाटेवर पडला होता. वीस वर्षं या दोघांनी जोडीनं दगड फोडला होता. गुलाबराव छिन्नी धरत, झिबल घन मारी. त्याला बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. गुलाबराव त्याला चमच्यानं पाणी पाजत होते.

"काहून आले, बाबू?"

"दगड कडक आहे ना?"

"आहे ना." त्यांनी चमचा खाली ठेवला. "पण सुरुंग उडाला का याचा जीव घाबरते. डॉक्टर म्हणते, दोन-चार दिवस आहेत. म्हटलं, शांततेत जाऊ द्या. मी याले सांगून राहिलो, खाण बंद आहे, हा रस्त्याचा बुलडोझर आहे म्हणून."

मी ऑफिसात काही बोललो नाही.

त्यानंतर दोन दिवस गुलाबराव आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते डोकं भादरून. साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, चूक माझी झाली. तो दगड कडक आहे. सुरुंग लावा."

साहेबांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. उठून स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.