आधी पाणी, मग मीठ

गणूभाऊंच्या अंगणात पाऊल टाकलं की ते "या, बसा" म्हणत नाहीत. आधी तुमच्या हाताच्या पाठीवर चिमटा काढतात! कातडी झटकन खाली बसली तर चहा, उशीर लावला तर तांब्याभर पाणी. आटगावात आमचं घर त्यांच्या शेजारी, त्यामुळे माझा हात रोजचाच. पोस्टमनचा नि व्याह्यांचाही सुटलेला नाही.

ही खोड चिंगीमुळे लागली; अंगातलं पाणी कमी झालं की चिमटीतली कातडी लवकर खाली बसत नाही. चिंगी म्हणजे त्यांची घोडी, लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी. घामातून तिच्या अंगातलं मीठ जातं, ते क्षारांची पेस्ट तोंडात सोडून भरून द्यायचं. पण कधी? यावर भाऊ जेवणवेळ विसरून बोलतात. "आदी पानी, मंग मीठ! कोरड्या पोटी मीठ गेलं का जनावराच्या पोटात कळ येती." नियम माणसांनाही लागू. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढप्याला अडवलं, "पानी पिऊ दे रे त्यांना, मंग मीठ वाढ!" विहीणबाई अजून विचारतात, ते गृहस्थ कोण होते म्हणून.

सध्या वहिनी वाशिंदला आहेत, लेकीच्या बाळंतपणाला. आठवण येते का विचारलं, तर भाऊ मिशीवर हात फिरवतात. "छ्या! घरात कशी शांती हाय."

गेल्या रविवारी मुरबाडकडे शर्यत होती. घोडीवर भाऊंचा पुतण्या, बादल्या उचलायला मी. मधल्या थांब्यावर चिंगी घामाने निथळत आली आणि बादलीकडे बघेचना. भाऊंनी शीळ घातली, बादली बदलली, पाण्यात हात खळखळवला. ढिम्म! पुढे सगळा चढ.

"काका, देऊन टाका ना पेस्ट," पुतण्या रडकुंडीला आला. "वर्षभराची मेहनत वाया जाईल."

"नाय म्हंजे नाय! ती प्याली नाय तर शर्यत हितंच सोडायची. नंबर गेला खड्ड्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी तिला पाणी दाखवायच्या त्या वहिनी! मी फोन लावला, स्पीकर चालू करून बादलीशी धरला.

"चिंगे, ये गो बाय माझी, पी गो!"

कान टवकारले, मान खाली गेली आणि बादली रिकामी झाली. दुसरीही. मग भाऊंनी पेस्ट दिली. विसावा संपल्यावर पुतण्याने तिला चढाला लावलं.

फोन मात्र चालूच होता. "आनि ह्यांनी सकाळपासून पानी घेतलं का? चिमटा काढा बघू."

काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गणूभाऊंना चिमटा काढला. कातडी वर ती वरच राहिली. मला एकदम वाईट वाटलं त्यांचं. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण तोंडाला लावेनात. नुसते फोनकडे बघत उभे.

"कवा येशील गो?"

"येते आठवड्यात. अवो, प्या ना आदी."

मग प्यायले, घटाघटा.