दोन हजार पाचशे एकविसावी

एका जंगलात, मुलांनो, राजा आणि प्रधान सोडले तर नेमके दोन हजार पाचशे एकवीस प्राणी राहत होते. तक्रार कुणाचीच नव्हती.

मग बिबट्या महाराजांचा वाढदिवस जवळ आला. त्यांना संचलन हवं होतं. रांगा सारख्या हव्यात, शेवटी कुणी एकटं लोंबकळताना दिसता कामा नये. तसं दिसलं, तर प्रधान बदलू, असं त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं.

प्रधान होते मुंगूसराव. त्यांनी लगेच सगळ्यांना माळावर उभं केलं. दोन-दोनच्या रांगा केल्या, एक ससा उरला. तीन-तीनच्या केल्या, एक घोरपड उरली. चार, पाच, सहा करत दहापर्यंत गेले. दर वेळी एकच जण उरायचा. पुढेपुढे तर आपण उरू नये म्हणून प्राणी एकमेकांना ढकलू लागले. त्यात एका सांबराचं शिंग मोडलं.

तेव्हा साळूबाई साळिंदर पुढे आल्या. जंगलात आकडेमोड येणाऱ्या त्या एकट्याच. तीन दिवस त्यांनी मातीत काट्याने भागाकार केले होते. ही संख्या अविभाज्य आहे, तिच्या सारख्या रांगा होणारच नाहीत, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

प्रधानांनी विचारलं, सगळे आकडे तपासले का? साळूबाई म्हणाल्या की पन्नासपर्यंत तपासले, तेवढे पुरे. पन्नासाहून मोठ्या आकड्याने भाग गेला असता, तर त्याचा जोडीदार पन्नासाच्या आतच सापडला असता.

"म्हणजे अर्ध्याहून जास्त आकडे तुम्ही तपासलेच नाहीत," प्रधान म्हणाले.

सभेत हशा पिकला. सांबरही हसलं. साळूबाईंच्या अंगावरचे काटे हळूहळू खाली बसले.

प्रधानांनी चौकशी समिती नेमली. समितीने दुपारपर्यंत अहवाल दिला. साळूबाई जंगलात भेद पसरवतात, सबब त्यांना नदीपलीकडे पाठवावं. साळूबाईंनी पिल्लांना शिकवायच्या चिंचोक्यांची पिशवी उचलली आणि त्या गेल्या. निरोप द्यायला कुणी आलं नाही. सगळे सरावात होते.

वाढदिवशी संचलन झालं. दोनच्या रांगा झाल्या, तीनच्या झाल्या, थेट दहापर्यंत सगळ्या झाल्या. एकही प्राणी उरला नाही. महाराज खूश झाले. प्रधानांनी भाषणात सांगितलं, की इच्छाशक्ती असली की कोणत्याही संख्येला भाग जातो, साळूबाईंचं गणित साफ खोटं ठरलं.

नदीपलीकडच्या खडकावर बसून साळूबाईंनी रांगा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. दोन हजार पाचशे वीस.

"बरोबर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि घरासाठी बीळ उकरायला लागल्या.

तात्पर्य : मुलांनो, अविभाज्य संख्येला भाग जात नाही, हे कुणाचं ऐकू नका. फक्त असं सांगणाऱ्याला आधी वजा करा.