वर बघणारा ओलीस

“दोरी घट्ट नाही ना झाली, काका?” दरोडेखोरांच्या म्होरक्यानं काळजीनं विचारलं.

“छे, छे! अजून आवळा की थोडी,” रोखपाल म्हणाले.

रविवारची सुट्टी होती आणि बँकेत दरोड्याच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. ओलीस व्हायला येणाऱ्या माणसांची गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी छाती पुढे काढून दिग्दर्शकाला सांगितलं, “त्यात काय एवढं? आमचा स्टाफ आहे की!” स्टाफ म्हणजे तिघं. एक स्वतः मॅनेजर. ते शूटिंग बघायला नवा शर्ट घालून सकाळीच हजर झाले होते. दुसरे रोखपाल, कारण तिजोरीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. आणि तिसऱ्या म्हणजे कर्जविभागाच्या बाई. त्या आपल्या टेबलाचा खण रिकामा करायला आल्या होत्या. त्यांची बदली झाली होती आणि सोमवारपासून त्या दूरच्या एका शाखेत बसणार होत्या.

रोखपालांनी धास्ती घेतली होती ती त्या सोमवारची. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ कित्येक वर्षं बाईंच्या शेजारच्या काउंटरवर बसत होता. मध्ये फक्त एक काच. काचेपलीकडे बाई चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलभर शोधायच्या आणि इकडे यांचा जीव कासावीस व्हायचा. घरच्या जबाबदाऱ्यांत दोघांचंही लग्नाचं राहून गेलं होतं, तेव्हा तशी अडचण काहीच नव्हती. पण रोखपालांच्या तोंडाला कुलूप होतं. रोज सकाळी ते आज बोलायचंच म्हणून ठरवून यायचे आणि रोज संध्याकाळी छत्री, डबा आणि न बोललेलं वाक्य घेऊन घरी जायचे.

आणि आज त्या दोघांना दोन स्टुलांवर पाठीला पाठ लावून एकाच दोरीनं बांधलं होतं. मध्ये काचसुद्धा नव्हती.

“मॅडम,” रोखपाल हळूच म्हणाले, “मला तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“सांगा ना.” बाईंचा आवाज अगदी कानामागून आला.

“ते... तुमच्या टेबलावरचा पंखा करकरतो ना, त्याची तक्रार मी केलीय.”

“बरं केलंत,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून जो कोणी बसेल त्याला उपयोग होईल.”

रोखपालांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. खरा हात बांधलेला होता.

तेवढ्यात दिग्दर्शकानं सगळ्यांना पोलिसांची चाल समजावून सांगितली. एका ओलिसाच्या छातीत कळ येते. दरोडेखोर डॉक्टर बोलावतात. डॉक्टर म्हणून येतो तो असतो इन्स्पेक्टर. तो मोठ्यानं म्हणतो, “ऑक्सिजन लागेल!” ही खूण. म्होरक्या फोनकडे वळतो आणि छताच्या झरोक्यातून पोलीस दोरावरून धडाधड खाली उतरतात. छातीत कळ येणाऱ्याचं काम मॅनेजरसाहेबांनी मागून घेतलं आणि लगेच विव्हळायची तालीम सुरू केली.

“आणि ओलिसांनी काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही. फक्त झरोक्याकडे बघायचं नाही. बघितलंत की दरोडेखोर सावध होणार आणि चाल फसली.”

काहीच न करणं हे तर रोखपालांचं आयुष्यभराचं काम. पण पहिल्याच खेपेला, “ऑक्सिजन लागेल!” ऐकताच झरोक्यात खडखड झाली आणि त्यांनी चुकून वर पाहिलं. वर बघायला मान मागे गेली आणि डोक्याची मागची बाजू बाईंच्या अंबाड्याला टेकली.

“कट! काका, वर नाही बघायचं!”

रोखपालांना ते ऐकूच आलं नाही. त्यांच्या अंगावर काटा आला होता.

पोलिसांना परत शिडीनं छतावर चढवायचं, दोर गुंडाळायचे, मॅनेजरांना पुन्हा घाम लावायचा, यात बराच वेळ गेला. तो सगळा वेळ बाई पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांचा श्वास जाणवत होता. मग दुसरी खेप झाली. इन्स्पेक्टर ओरडला आणि रोखपालांनी पुन्हा वर पाहिलं. या वेळी मात्र चुकून नाही.

“काका!”

“सवय हो. वर आवाज झाला की मान जाते,” रोखपाल निर्लज्जपणे म्हणाले.

तिसऱ्या खेपेलाही मान गेली. चौथ्या खेपेला तर खूण व्हायच्या आधीच गेली. छतावरचे पोलीस उन्हानं लालबुंद झाले. विव्हळून विव्हळून मॅनेजरांचा घसा बसला. इन्स्पेक्टर म्हणाला, “खऱ्या दरोड्यात हा माणूस असता तर मी राजीनामा दिला असता.” पण रोखपालांना कुणाचीच दया आली नाही. पोलीस आत आले की दोरी सुटणार होती. दोरी सुटली की बाई खण रिकामा करणार, पिशवी उचलणार आणि जाणार. जगात पहिल्यांदाच एखाद्या ओलिसाला वाटत होतं की पोलिसांना यश येऊ नये.

शेवटी झरोक्यातलं ऊन कलायला लागलं आणि दिग्दर्शकाचं डोकं चाललं.

“याला मारा!”

“अहो!” बाई दचकल्या.

“सिनेमात हो! हा वर बघतो, म्होरक्याला संशय येतो, तो याला गोळी घालतो आणि त्याच गडबडीत पोलीस उड्या टाकतात. उलट, चाल जास्तच रंगेल. मॅडम, पोलीस तुम्हाला बाहेर नेतील. जाताना एकदा मागे वळून बघा, बस्स. एकच खेप मिळेल, ऊन गेलं की संपलं!”

या खेपेला सगळं नीट झालं. रोखपालांनी मन भरून वर पाहिलं. म्होरक्यानं “सॉरी काका” असं पुटपुटत गोळी झाडली. धूर झाला, पोलीस धडाधड उतरले, त्यांनी दोरी सोडली आणि रोखपाल शर्टावर लाल रंग घेऊन फरशीवर डोळे मिटून मेले. आता बाई जाणार, आणि आपण इथं नुसते पडून राहणार. बोलणार नाही, उठणार नाही. फार काही नवीन नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटायची वेळ आली.

पोलिसानं बाईंचा दंड धरला. बाईंनी तो झटकला आणि त्या सरळ येऊन प्रेताशेजारी बसल्या.

“मेलात ना शेवटी न बोलता?” त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकानं हातानंच खूण केली, चालू ठेवा.

“काल माझ्या निरोपाच्या वेळी घसा खाकरलात. म्हटलं, आता बोलतील. खाकरलात आणि पाणी पिऊन खाली बसलात. आज हातपाय बांधले, तरी पंख्याबद्दलच बोललात. आणि सारखे वर बघत होतात ते मला काय कळत नव्हतं? मीसुद्धा मान मागेच ठेवून बसले होते ना! चष्मा कपाळावर आहे हे मला रोज माहीत असायचं. तुम्ही काचेवर टकटक करून सांगाल म्हणून शोधत बसायचे. उद्यापासून तिकडे कुणासाठी शोधू?”

म्होरक्या बंदुकीच्या दस्त्यानं डोळे पुसू लागला. प्रेताच्या मिटलेल्या पापणीतून पाणी आलं आणि कानापर्यंत वाहत गेलं.

“मी पण बदली मागतो,” प्रेत म्हणालं. “तिकडचीच.”

“कट!” दिग्दर्शक केस उपटत ओरडला. “काका, मेलेला माणूस बोलतो का कधी? गेलं ऊन! गेला सीन!”

कोपऱ्यात झोपलेल्या मॅनेजरांनी डोकं वर केलं आणि बसलेल्या घशानं सांगितलं, “बदलीचा अर्ज माझ्यामार्फत करावा लागेल.”

लाइटवाले वायरी गुंडाळू लागले. दिग्दर्शक इन्स्पेक्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला. रोखपाल मात्र फरशीवर तसेच पडून होते.

“उठा आता. संपलं ते,” बाई हसत म्हणाल्या. “डोळे उघडा.”

“नको,” रोखपाल म्हणाले. “उघडले की मला परत बोलता येणार नाही.”

“मग मिटूनच सांगा,” बाई म्हणाल्या आणि फरशीवरच नीट मांडी घालून बसल्या.

रोखपालांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.